दऱ्या आणि दर्या : संगणकावरील नकलांची एक परीक्षा

१

जुन्या कागदांच्या व शिलालेखांच्या नकला हातानें उतरून ठेवण्याची पद्धत मागें पडून त्या संगणकाच्या कळफलकावर टंकून ठेवण्याची रीत आतां सर्वत्र रूढ झाली आहे. ही गोष्ट इष्टच आहे. टंकलेली नक्कल सुवाच्य असते, तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात, आणि हजार कागदांतून एखादें गांव किंवा आडनांव क्षणार्धांत काढून दाखवितां येतें. तथापि नक्कल ही मुळाची साक्ष होय. आणि साक्षीदार किती जलद बोलतो ह्यापेक्षां तो पाहिलें तेंच सांगतो कीं काय, हें आधीं तपासावें लागतें. ह्या कसोटीस सध्यांच्या संगणकीय नकला कितपत उतरतात, त्यांत कोणतीं चिन्हें गळतात, कोणतीं बदलतात, आणि दोष यंत्राचा किती व टंकणाराचा किती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

उदाहरणांसाठीं आम्हीं महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्यांतील दोन शेजारचे तालुके घेतले आहेत. सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून पोलादपुरावरून खालीं येते, महाडजवळ गांधारी व काळ ह्या नद्यांचें पाणी घेते आणि बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. तिच्या वरच्या अंगास घाटाच्या दऱ्या, खालच्या अंगास भरतीचें पाणी, आणि मध्यें महाडचें बंदर. घाटावरचा माल पूर्वीं येथें उतरावयाचा व तारवांत भरावयाचा. रायगड किल्ला महाड तालुक्यांत आहे. गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं शहराच्या अगदीं शेजारीं आहेत. तानाजी मालुसऱ्यांची समाधि असलेलें उमरठ पोलादपूर तालुक्यांत, आणि खुद्द पोलादपुरांत शिवभारतकार कवींद्र परमानंदाची समाधि. इ. स. १७९६ त नाना फडणिसांनीं जुळवून आणलेला तह महाडच्याच नांवानें इतिहासांत ओळखला जातो. ब्राह्मी लेख, संस्कृत शिलालेख, मोडी कागद आणि इंग्रजी अमदानींत रोमन लिपींत उतरलेलीं गांवांचीं नांवें, असें चतुर्विध लेखन ह्या एवढ्याशा टापूंत एकत्र सांपडतें. त्यामुळें कळफलकावर टंकतांना जितक्या प्रकारच्या अडचणी येऊं शकतात, त्या बहुतेक सर्व येथें भेटतात.

२

प्रथम एका लहानशा चिन्हाचा विचार करूं. मराठींत अर्धा र दोन प्रकारें लिहिला जातो. पुढच्या अक्षराच्या माथ्यावर चढणारा रफार हा एक. आणि पुढच्या अक्षराच्या डावीकडे पापणीसारख्या वांकड्या रेघेनें दाखविला जाणारा अर्धा र हा दुसरा. रफारानें मागच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यानें येत नाहीं. सूर्य, आचार्य हे पहिल्या जातीचे शब्द. कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड हे दुसऱ्या जातीचे. हिंदींत हा भेद नाहीं. मराठींत मात्र त्यावर अर्थ अवलंबून असतो. आचार्यांनीं सांगितलेलें निराळें आणि आचाऱ्यांनीं सांगितलेलें निराळें. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे दरीचें अनेकवचन.

आतां हा भेद महाडच्या कागदांत घालून पाहावा. समजा, घाटावरून आलेला माल 'दऱ्यांच्या वाटेनें' गेला असें एका कागदांत आहे, आणि नक्कल करणारानें तें 'दर्याच्या वाटेनें' असें टंकलें. मोडी लिहिणारे अनुस्वार वारंवार गाळीत. तेव्हां अनुस्वारानें वाचकास आधार मिळेल अशी आशा नको. संदर्भावरून कळेल म्हणावें, तर महाडास दोन्ही वाटा खऱ्या आहेत. एक सावित्रीच्या वरच्या अंगानें पोलादपुराकडे घाटांत शिरते, दुसरी त्याच सावित्रीच्या पाण्यानें बाणकोटास दर्यास जाते. माल चढला कीं उतरला, जकात कोणत्या नाक्यावर पडली, हें सर्व त्या एका पापणीएवढ्या रेघेवर ठरावयाचें. अशा जागीं वाचकाच्या तर्कावर विसंबणें म्हणजे पुरावा फेंकून देऊन अनुमान जवळ करणें होय.

दुसरें उदाहरण ह्याहून अधिक गंभीर आहे. पोलादपुराकडील डोंगराळ मुलुख पूर्वीं जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या सत्तेखालीं होता. इ. स. १६५६ त शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली, आणि रायरीचा डोंगर, म्हणजे पुढचा रायगड, त्याच वर्षीं त्यांच्या हातीं आला. साहजिकच ह्या बाजूच्या इतिहासांत 'मोऱ्यांचा', 'मोऱ्यांनीं', 'मोऱ्यांकडे' हीं रूपें पदोपदीं येतात. संगणकावरील नकलेंत हीं रूपें 'मोर्यांचा', 'मोर्यांनीं' अशीं पडलीं, तर वाचणाराच्या मनांत मोरे न येतां मौर्य उभे राहतात. कोंकणांत मौर्य नांवाचें एक राजकुल प्राचीन काळीं खरोखरच होतें, आणि मोरे हें आडनांव मौर्यांपासून निघालें असें मानणारेहि लोक आहेत. त्या मताच्या खरेखोटेपणाचा हा प्रसंग नव्हे. पण उद्यां कोणी अशा शंभर नकला शोधून 'मोर्य' हें रूप सतराव्या शतकांतील कागदांत इतक्या वेळां आलें आहे असें दाखविलें, तर तो पुरावा कागदांचा नसून कळफलकाचा असेल. मालुसऱ्यांच्या नांवाचीहि हीच गत व्हावयाची.

३

हा दोष होतो कसा, हें समजण्यासाठीं यंत्राकडे पाहिलें पाहिजे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेला आणि पुढें भारतीय मानक १३१९४ : १९९१ ह्यांत समाविष्ट झालेला इनस्क्रिप्ट नांवाचा कळफलक सर्व प्रमुख संगणकांत उपलब्ध आहे. त्यांत रोमन जे ह्या अक्षराच्या कळीवर र आहे; तीच कळ शिफ्ट कळीसह दाबली असतां खालीं टिंब असलेला ऱ उमटतो. 'दर्या' टंकण्यास द, र, हलन्त, य आणि काना अशा पांच कळा लागतात. 'दऱ्या'सहि पांचच लागतात; फरक इतकाच कीं दुसरी कळ दाबतांना करंगळी शिफ्टवर असावी लागते. ल आणि ळ ह्यांचेंहि तसेंच, दोहोंस रोमन एन्-ची एकच कळ. ह्या मांडणीवर आम्हांस टीका करावयाची नाहीं. ती विचारपूर्वक केलेली असून मराठीस लागणारें अक्षर तींत आहे. ज्यास तें ठाऊक नाहीं किंवा ठाऊक असून आळस आहे, त्याच्या हातून रफार पडतो, हा दोष टंकणाराचा.

परंतु पुष्कळ लोक हा कळफलक शिकतच नाहींत. ते रोमन अक्षरें टंकतात आणि त्यांवरून देवनागरी शब्द बनविण्याचें काम यंत्रावर सोंपवितात. रोमन लिपींत दर्या आणि दऱ्या ह्यांचें लेखन एकच होतें. मग दोहोंपैकीं कोणता शब्द घ्यावा ही निवड यंत्रानें सुचवावयाची आणि टंकणारानें मान डोलवावयाची. घरगुती पत्रास ही सोय पुरे. ऐतिहासिक कागदाच्या नकलेंत, जो निर्णय संपादकानें कागदावर डोळे ठेवून घ्यावयाचा तो अशा रीतीनें परभारें उरकला जातो, आणि तो घेतला गेला होता ह्याची खूणहि मागें राहत नाहीं.

आतां यंत्राच्या बाजूचा दोष. जगांतील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षरास एक संकेतांक देणारी युनिकोड नांवाची व्यवस्था १९९१ पासून प्रसिद्ध झाली, व तींत देवनागरीस आरंभापासून स्थान आहे. मराठीचा हा अर्धा र लिहिण्याच्या मात्र तींत दोन रीती मान्य आहेत. ०९३१ हा संकेतांक असलेला ऱ घेऊन त्यापुढें हलन्त द्यावा, ही एक. साधा र, त्यापुढें हलन्त, आणि त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें शून्य रुंदीचें जोडचिन्ह द्यावें, ही दुसरी. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून ती ठेवण्यांत आली. कागदावर दोन्हींचें रूप तेंच दिसतें. संगणकाच्या लेखीं मात्र ते दोन निरनिराळे शब्द आहेत. एका नकलेंत मोऱ्यांचें नांव पहिल्या रीतीनें व दुसरींत दुसऱ्या रीतीनें टंकलें असेल, तर एका रीतीनें शोध घेणारास दुसरी नक्कल सांपडेलच अशी खात्री नाहीं. शोध निष्फळ झाला म्हणजे कागदांत उल्लेखच नाहीं असें अनुमान तो करील, आणि उल्लेखाच्या अभावावर इतिहासांत किती मोठीं विधानें उभारलीं जातात, हें वाचकांस सांगावयास नको.

युनिकोडच्या कर्त्यांस ही अडचण सोडवितां आली नसती असें नाहीं. युरोपीय भाषांत स्वरावर चिन्ह असलेलीं अक्षरें पुष्कळ आहेत. तीं एका संकेतांकानें लिहितां येतात, तशींच मूळ अक्षर व सुटें चिन्ह असे दोन संकेतांक जोडूनहि लिहितां येतात. परंतु ह्या दोन रीती परस्परांशीं समान होत, असें त्या व्यवस्थेनें स्पष्ट ठरवून दिलें आहे. खालीं टिंब असलेला ऱ, आणि र अधिक सुटें टिंब, ह्यांसहि अशी समानता मिळाली आहे. अदृश्य जोडचिन्हाची रीत तेवढी ह्या समानतेच्या बाहेर राहिली. फ्रेंच शब्दास मिळालेली सोय मराठी शब्दास पुरती मिळाली नाहीं, ही आमची तक्रार साधार आहे असें आम्ही समजतों.

४

युनिकोडपूर्वींच्या नकलांची अवस्था ह्याहून बिकट आहे. त्या काळच्या बहुतेक देवनागरी टंकांत अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले असत. आणि काने, मात्रा, जोडाक्षरें मिळून ह्या तुकड्यांची संख्या रोमन अक्षरांहून मोठी असल्यामुळें उरलेले तुकडे फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज इत्यादि भाषांतील चिन्हांकित अक्षरांच्या जागीं जात. अशा टंकांत एखादें कमी प्रचारांतील जोडाक्षर उमटवावयाचें तर ऑल्ट कळ दाबून धरून अंकांच्या कळांनीं चार आंकडे टंकावे लागत. असें टंकलेलें पान तो विशिष्ट टंक ज्या संगणकावर आहे तेथेंच वाचतां येतें. तो नसला कीं त्याच जागीं तिरप्या मात्रांचीं व टोप्यांचीं युरोपीय अक्षरें ओळीनें उभीं राहतात. मोडी वाचणारा आज शोधून मिळतो. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा एखादा टंक नाहींसा झाला म्हणजे त्यांतील नक्कल वाचणारा कोठून आणावा? अशा नकलांचें युनिकोडांत रूपांतर करणारे कार्यक्रम आहेत, परंतु प्रत्येक टंकाचा तक्ता निराळा असल्यानें रूपांतरानंतर अक्षरन् अक्षर मुळाशीं ताडून पाहणें अवश्य आहे. विशेषतः ऱ्, ळ आणि जोडाक्षरें.

५

अक्षरांपेक्षांहि अंकांच्या खुणा अधिक दुर्लक्षिल्या जातात. जुन्या हिशेबांत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. चाराच्या आंकड्यापुढें दोन रेघा असल्या म्हणजे साडेचार. हीच रेघ अन्यत्र पूर्णविरामाचा दंड होते, आणि शब्दाच्या अखेरीस संक्षेपाची खूणहि होते. टंकणारा तिच्यासाठीं कधीं देवनागरी दंड वापरतो, कधीं रोमन कळफलकावरील उभी रेघ, तर कधीं रोमन एल् किंवा आय् अक्षर. दिसावयास सारखेंच दिसतें, परंतु वसुलाची बेरीज संगणकाकडून करवूं गेल्यास साडेचाराचे चार होतात. ह्या अपूर्णांकांसाठीं युनिकोडनें २००९ सालीं, ५.२ ह्या आवृत्तींत, स्वतंत्र चिन्हें दिलीं आहेत. पाव, अर्धा, पाऊण आणि त्यांहून लहान भागहि त्यांत आहेत. तीं बहुतेक कळफलकांवर दिसत नाहींत, म्हणून तीं आहेत हेंच पुष्कळांस माहीत नाहीं.

कालगणनेची गोष्ट तशीच. महाड तालुक्यांतील रायगडावर राज्याभिषेक झाला तें शके १५९६ चें, म्हणजे इ. स. १६७४ चें वर्ष शुहूर सनांत 'खमस सबैन अलफ' असें लिहावयाचें : पांच, सत्तर आणि हजार मिळून १०७५. सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर; तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. हे शब्द चालू मराठींत नसल्यानें शब्द तपासणारा कार्यक्रम त्यांखालीं तांबडी रेघ ओढतो आणि जवळचा दिसेल तो शब्द पुढें करतो. सहा ह्या अर्थाच्या 'सीत' शब्दाचें 'शीत' झालें, तर टंकणारास तें शुद्ध झाल्यासारखें वाटेल. कागदाचें वर्ष मात्र नाहींसें होईल.

६

मोडीच्या नकलेंत आणखी एक प्रश्न येतो. मोडी लिहितांना इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळीत नसत. बालबोधांत उतरतांना नक्कल करणारास वेलांटी निवडावीच लागते, आणि तो आजच्या शुद्धलेखनाप्रमाणें ती निवडतो. ही निवड क्षम्य आहे. ती सांगितलीच नाहीं तर मात्र ती कागदाच्या माथीं बसते. अनुस्वारांचें ह्याच्या उलट. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालीं मान्य झालेल्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार चालू लेखनांतून गेले. तें चालू लेखनापुरतें ठीक. परंतु जुन्या लेखांतील 'केलें' आणि 'घरें' ह्यांवरील टिंबें लिंग व वचन दाखवितात, आणि तीं असलेलीं टिंबें टंकणाराच्या संवयीनें किंवा यंत्राच्या सुधारणेनें पुसलीं गेलीं, तर लेखाच्या भाषेचा काळ ठरविण्याचें एक साधन गेलें.

मोडी लिपीस स्वतःचे संकेतांक जून २०१४ मध्यें युनिकोडच्या ७.० ह्या आवृत्तींत मिळाले. एकंदर ७९ चिन्हें त्यांत आहेत. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपुरास मोडी खिळ्यांनीं छापला गेला होता, आणि मुंबई सरकारनें १९१७ सालीं कारभारांत मोडीऐवजीं बालबोध घेतली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं ही लिपि पुनः यंत्रावर आली. आतां मोडी कागदाची पहिली नक्कल मोडींतच टंकावी व तिच्याशेजारीं बालबोध पाठ द्यावा, हें अशक्य राहिलेलें नाहीं. निदान जेथें वाचन वादग्रस्त आहे, तेवढ्या ओळी तरी अशा द्याव्यात.

७

रोमन लिपींतील नांवांकडे वळूं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिऱ्याचा खंड १८८३ सालचा. त्यांत दीर्घ आ दाखविण्यासाठीं रोमन ए-वर तिरपी मात्रा देण्याची पद्धत आहे. महाड आणि कुलाबा हीं नांवें तशींच छापलीं आहेत. हें चिन्हांकित अक्षर ऑल्ट कळीसह ०२२५ हे आंकडे टंकून विंडोज संगणकावर सहज उमटतें. कारण पश्चिम युरोपच्या भाषांसाठीं केलेल्या २५६ स्थानांच्या तक्त्यांत तें आधींच आहे. पण आजचे विद्वान दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, आणि ती त्या तक्त्यांत नाहीं. ण, ड, ळ ह्यांच्यासाठीं लागणारीं खालच्या टिंबांचीं अक्षरेंहि नाहींत. म्हणून कोणी आडव्या रेघेऐवजीं तक्त्यांत सांपडणारी टोपी देतो, कोणी सर्वच चिन्हें सोडून देतो.

शिवाय चिन्ह एकच असून पद्धतीपरत्वें अर्थ बदलतो. गॅझेटियरांत तिरपी मात्रा दीर्घ स्वराची खूण. आजच्या पद्धतींत तीच मात्रा एस् अक्षरावर आली म्हणजे श. पोलादपुरास ज्याची समाधि आहे त्या कवीच्या शिवभारताचें नांव टंकतांना दोन पद्धतींची सरमिसळ झाली, तर एकाच शब्दांत एकच मात्रा दोन कामें करूं लागेल. ल आणि ळ ह्यांचें तर विचारूं नये. गांधारपाले ह्या नांवांत ल आहे आणि काळ नदींत ळ; चिन्हरहित रोमनांत दोहोंस एकच अक्षर. टिंब द्यावें, तर संस्कृतज्ञांच्या जुन्या पद्धतींत टिंबाचा एल् म्हणजे ऌ हा स्वर. २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय मानक १५९१९ नें ही गांठ सोडविली : टिंब ळ-ला, आणि ऌ-ला खालीं लहानसें वर्तुळ. परंतु आपण कोणती पद्धत घेतली हें लेखकानें सांगितल्यावांचून वाचकास तें कळावयाचें नाहीं.

शिलालेखांत ह्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. गांधारपाल्याच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कुमार काणभोअ व्हेणुपालित ह्याचें नांव आहे. त्यांतील ण रोमन नकलेंत केवळ एन्-खालच्या टिंबानें राहतो. टिंब गेलें कीं न झाला, आणि नांवाच्या व्युत्पत्तीचा मार्गच बदलला. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजीचें नांव कोरलेलें आहे. त्याचें आडनांव कोणी इटळकर वाचतात, कोणी इंदुलकर म्हणतात. वाद ट कीं द, ळ कीं ल, अनुस्वार व उकार आहेत कीं नाहींत, ह्या सूक्ष्म भेदांचा आहे. अशा ठिकाणीं लोकांत रूढ असलेलें रूप टंकून मोकळें होणें म्हणजे ज्या प्रश्नाचा निर्णय व्हावयाचा आहे त्याचें उत्तर नकलेंत आधींच लिहून ठेवणें होय.

८

ह्यावर कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यांची गरज पंडितांस. सामान्य वाचकास अर्थ कळला म्हणजे पुरे. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. कागदांचा उपयोग पंडितांपुरता नसतो. महाडच्या चवदार तळ्याचा वाद १९२७ च्या सत्याग्रहानंतर न्यायालयांत जाऊन मुंबईच्या हायकोर्टानें त्याचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं दिला. तळ्याची मालकी कोणाची आणि सांगितलेली वहिवाट खरोखर अनादि कालापासूनची आहे काय, हे प्रश्न त्यांत पुराव्यानें तपासले गेले, आणि तशी वहिवाट सिद्ध होत नाहीं असें ठरलें. माणसांचे हक्क जेथें अशा प्रश्नांवर लटकलेले असतात, तेथें कागदांतील शब्द नेमका काय आहे ह्याची पर्वा सामान्य माणसासच सर्वांत अधिक असली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा कीं, नकला शोधण्यास सुलभ व्हाव्यात म्हणून सर्व रूपें एकसारखीं करणें अवश्य आहे. त्यांत तथ्य आहे. पण त्यासाठीं नक्कल बदलण्याचें कारण नाहीं. नक्कल यथामूल ठेवावी आणि प्रमाण रूपांची सूची निराळी जोडावी. सूचींत 'मोरे' ह्या एका नोंदीखालीं कागदांतील सर्व रूपें देतां येतात. एकदां नकलेंतच सपाटीकरण झालें म्हणजे मूळ रूप पुनः मिळवितां येत नाहीं.

तेव्हां नक्कल करणारांनीं व ती प्रसिद्ध करणारांनीं पुढील पथ्यें पाळावींत अशी आमची सूचना आहे. प्रत्येक नकलेबरोबर मूळ कागदाचें स्वच्छ छायाचित्र असावें व दोहोंस एकच क्रमांक असावा. नक्कल युनिकोडांतच असावी, आणि मराठीचा अर्धा र नेहमीं ०९३१ ह्या संकेतांकानेंच टंकावा. अदृश्य जोडचिन्हाचा आश्रय करूं नये. शब्द तपासणारा व सुधारणारा कार्यक्रम काम चालूं असतां बंद ठेवावा. अपूर्णांकांच्या रेघा त्यांच्या स्वतंत्र चिन्हांनीं द्याव्यात, आणि तें न जमल्यास रेघांपुढें चौकटी कंसांत 'साडेचार' असें अक्षरीं लिहावें. संपादकानें घातलेली प्रत्येक वेलांटी कंसांत घालणें शक्य नाहीं. पण आपण कोणता नियम धरला हें आरंभीं दोन ओळींत सांगणें शक्य आहे. असलेला अनुस्वार काढूं नये, नसलेला घालूं नये. घातल्यास कंसांत घालावा. रोमन लिपींत नांवें देतांना आंतरराष्ट्रीय मानक घ्यावें, आणि प्रत्येक नांव पहिल्या वेळीं देवनागरींतहि द्यावें. ह्यांपैकीं कोणत्याहि पथ्यास पैसा लागत नाहीं. थोडें शिक्षण लागतें, आणि करंगळी वेळेवर शिफ्टवर ठेवण्याची संवय लागते.

ह्या सूचनांची निकड महाडकरांस निराळी सांगावी लागूं नये. मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांनीं रायगडावरील वाडे जळाले. त्यानंतर पाण्याची पाळी. जुलै २००५ मध्यें ह्या तालुक्यांत दासगांव, जुई येथें दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्यें महाड शहर सावित्रीच्या पुरांत बुडालें आणि त्याच पावसांत तळीयें गांवावर डोंगर आला. माणसें जातात तेथें कागदांची मोजदाद कोण करतो? परंतु घरांच्या माळ्यांवर व कोनाड्यांत राहिलेलीं जुनीं दप्तरें अशा पाण्यांत टिकत नाहींत, हें उघड आहे. कागद गेल्यावर पुढच्या पिढीच्या हातीं राहील ती नक्कल. तिलाच त्यांनीं मूळ म्हणावें लागेल, आणि तिच्यांत रफार असेल तर रफारच खरा मानावा लागेल. म्हणून कागद अजून हातांत आहे तोंवर तो जसा आहे तसा टंकला जावा. दऱ्या असेल तेथें दऱ्या आणि दर्या असेल तेथें दर्या.